थोरले दाजी पळत आले

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून ज्याला चालता येत नव्हतं असा धडधाकट माणूस मी एकच पाहिला. ते माझ्या बहिणीचे थोरले दीर. बहिणीचे यजमान आमचे दाजी, म्हणून हे थोरले दाजी; पुढे नुसतं दाजी म्हटलं तरी हेच. त्यांना पळता यायचं. चढ असो, उतार असो, भातखाचराचा निसरडा बांध असो, ते पळायचे. चालायला लागले की मात्र त्यांचे पाय एकमेकांत अडकायचे. बहिणीच्या लग्नात वरातीबरोबर चालायची त्यांनी फार मनापासून खटपट केली. थोड्या थोड्या वेळानं ते वरातीच्या पार पुढे निघून जायचे आणि ओशाळून परत यायचे. शेवटी वाजंत्रीवाल्यानंच हात जोडले. "आवं, तुमी मांडवात जाऊन बसा की. तुमच्याकडं बघून आमचा ताल सुटतोय."

कापूरहोळला, जिथून भोरचा रस्ता फुटतो तिथं, त्यांचं पंक्चर काढायचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या चाकांत हवा भरली, पण स्वतः चाकावर बसायचं ते शक्यतो टाळायचे. सोमवारी दुकान बंद असायचं आणि दारावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'मालक डोंगरात'. हायवेवरचा एखादा परमुलखातला ड्रायव्हर ते वाचून चक्रावून जायचा आणि शेजारच्या गॅरेजमध्ये चौकशीला यायचा. गॅरेजचे मिस्त्री भोरचे मुसलमान गृहस्थ. थोरल्या दाजींचे जिवलग आणि त्याहून मोठे टीकाकार. ते ड्रायव्हरला चहा पाजून समजूत घालायचे, "मालक येतील. डोंगर जागेवर हाय का बघायला गेल्यात." आणि दाजी परत आले की त्यांनाही सुनवायचे, "समद्या दुनियेला हवा भरतो आन सवता बिनहवेचा फिरतो!"

"हवेवर इस्वास ठेवायचा न्हाई, मिस्त्री," थोरले दाजी म्हणायचे. "कवा जाईल सांगता येत न्हाई. पायात हवाच न्हाई, तर जायची काय?"

त्यांच्या पायांत टायरच्या चपला असायच्या, त्याही स्वतः कापलेल्या. चढाला एसटीचा टायर, उताराला ट्रकचा, असं त्यांचं शास्त्र होतं. त्यामुळे गडावर पोचल्यावर ते पिशवीतून दुसरा जोड काढायचे. उतारासाठी मोटारसायकलचा टायर चालेल का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की पुन्हा या विषयात मी तोंड उघडलं नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्या पदवीचं निदान पहिलं वर्ष तरी थोरल्या दाजींच्या पायांवर उभं आहे. कॉलेजात नाव घालायच्या शेवटच्या दिवशी कापूरहोळला माझी भोरची एसटी चुकली. मी फाट्यावर रडकुंडीला येऊन उभा होतो. दाजींनी हातातली ट्यूब पाण्याच्या टबात तशीच सोडली, दाखल्यांची माझी पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "पाव्हणं, माझ्या टाचंकडं बघत या. दुसरीकडं बघू नका." भोरपर्यंत मला त्यांच्या टाचांखेरीज काहीही दिसलं नाही. कचेरीच्या खिडकीशी पोचलो तेव्हा मला माझं नावही सांगता येईना. कारकुनानं अर्जाआधी पाण्याचा तांब्या पुढे केला. दाजी मात्र अंगणात जागच्या जागी पळत होते. थांबलं तर पाय धरतात म्हणे.

राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वराचं पठार, या सगळ्या वाटा त्यांच्या पायांखालच्या. पण गड पाहायला म्हणून ते कधी गेले नाहीत. राजगडाला पाली दरवाज्यानं आत शिरायचं, संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यानं बाहेर पडायचं आणि सोंडेसोंडेनं तोरण्याकडे सुटायचं. वाटेत शहरातली मंडळी भेटली आणि त्यांनी इतिहास विचारला, तर ते पळणाऱ्याचा इतिहास सांगायचे. "महाराज घोड्यावर बसायचे, खरं हाय. पर ह्या धारंवर घोडा चालतो का? हितं निरोप घिऊन मानूसच पळायचा. त्येचं नाव कुठं लिवलंय?" पायऱ्या उंच का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "शत्रूला दमवाया. आपुन शत्रू न्हाई, म्हनून पायरीच्या कडंनं पळायचं."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर मोठा माणूस उगाच पळत नाही. कुणी डोंगरातून पळत आला, की कुणाला तरी पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल, नाहीतर कुणीतरी गेलं असेल, असंच समजतात. तशी रीतच आहे. पळत येणारा निरोप्या आणि निरोप वाईट. थोरले दाजी ऐन विशीत पहिल्यांदा असे एका वस्तीवरून पळत गेले, तेव्हा पाणी मागायला तोंड उघडायच्या आतच बायकांनी रडायला सुरुवात केली होती. एका म्हातारीनं तर माहेरच्या माणसांची नावं घेऊन आक्रोश मांडला. तेव्हापासून प्रत्येक वस्तीच्या अलीकडच्या वळणावरूनच ते दोन्ही हात वर करून ओरडायचे, "सगळं ब्येस हाय! सगळं ब्येस हाय!" मग वस्तीवरून उत्तर यायचं, "ब्येस तर बस की मग मुडद्या!" आणि कुणीतरी ताक आणायला आत जायचं.

पण हे सारं पळणं नुसत्या हौसेचं नव्हतं. त्यांची थोरली बहीण, अक्का, संजीवनी माचीच्या खाली एका सोंडेवर राहायची. पूर्वी तिथं नांदती वस्ती होती. खाली डांबरी रस्ता झाला, जीप येऊ लागली, तशी एकेक घरं उतरली. मागं अक्का राहिल्या, दोन म्हशी, आणि दाराशी एक पायवाट. त्यांच्या मुलानं खाली रस्त्याला घर बांधलं होतं. तो आईला न्यायला यायचा आणि हात हलवत परत जायचा. शेवटी मायलेकांत एक बोली झाली. जोवर वाट उघडी आहे, तोवर अक्कांनी वर राहावं. ज्या वर्षी वाट मोडेल, त्या वर्षी खाली यायचं.

डोंगरातली वाट पायांवर जगते. पावसाळा सरला की कारवी माणसाच्या वर वाढते, आणि पाय फिरला नाही तर वाट कुठं होती हेही कळत नाही. त्या वाटेला आता दाजींशिवाय पाय उरले नव्हते. म्हणून ते हातात कोयता घेऊन पळायचे आणि पळता पळता कारवी मारायचे. मी विचारलं, "चालत चालत तोडली तर नीट तुटेल ना?" तर म्हणाले, "चालनारा बसतो, इडी वढतो, इचार करतो. इचार केला की वाटतं, एका म्हातारीसाठी कशाला एवढं. पळनाऱ्याला इचार करायला टाईमच न्हाई."

मोबाईल नुकते आमच्याकडे आले होते, त्या सुमारास पुण्याची काही तरुण मंडळी कापूरहोळला गाडीचं चाक दाखवायला थांबली. त्यांना राजगडाच्या भागात डोंगरी धावण्याची स्पर्धा घ्यायची होती. दाजींनी त्यांचं चाक बाजूला ठेवून आधी मार्ग ठरवला. तो मार्ग अर्थातच अक्कांच्या दारावरून जात होता. मला त्यांनी त्याच संध्याकाळी गाठलं. "पाव्हणं, नकाशा तुमी काढा. तुमचं अक्षर चांगलं हाय. एवढी मानसं वरसाला एकदा जरी पळाली, तरी अक्काची वाट मरत न्हाई बगा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पुस्तकातल्यासारखा नकाशा काढला आणि त्यावर अक्कांचं घर जरा मोठंच दाखवलं.

स्पर्धेच्या दिवशी दाजींनी सगळ्यांना एकच सूचना दिली. प्रत्येक वस्तीआधी ओरडायचं. मंडळी हसली आणि विसरली. पहिल्याच वस्तीवर लोकांना दिसलं ते असं, की छातीवर आकडे लावलेली शहरातली तरणीताठी पोरं जिवाच्या आकांतानं पळताहेत आणि तोंडातून शब्द काढत नाहीत. असला अनर्थ वस्तीनं कधी पाहिला नव्हता. गडी माणसांनी दोर घेतला, जखमीला उचलायला बांबू आणि घोंगडी घेतली आणि तेही मागून पळत सुटले. "कोन पडलं? कुठं पडलं?" पुढचे स्पर्धक मागं वळून पाहायचे आणि दोर-बांबू घेतलेले गडी पाहून आणखी जोरात पळायचे. वर अक्कांच्या दारात सगळ्यात पुढचा स्पर्धक पोचला, तेव्हा अक्का आडव्या उभ्या राहिल्या. दारावरून कुणी पाण्यावाचून गेलेलं त्यांना माहीतच नव्हतं. "बस आदी. कुनी का जाईना, तू काय मरतोस व्हय पळून?" तो बसला. मागचे आले, तेही बसले. पाठोपाठ दोरवाले आले. अक्कांनी म्हशीचं ताक, तांदळाची भाकरी आणि ठेचा काढला. शेवटच्या टोकाला आयोजक घड्याळ हातात धरून उभे होते आणि इकडे पहिला नंबर कोणाचा यावर दोरवाले आणि स्पर्धक एकाच घोंगडीवर बसून वाद घालत होते.

पुढच्या वर्षी त्या मंडळींनी मार्ग बदलला. दुसऱ्या बाजूनं, रुंद रस्त्यानं. तेही चुकलं असं मला म्हणता येत नाही. दाजी त्यावर एवढंच म्हणाले, "म्या नीट समजावलं न्हाई." मिस्त्रींनी त्या दिवशी त्यांना एकही टोमणा मारला नाही. तेव्हाच मला कळलं, दाजींना हे किती लागलंय.

त्यात त्यांचा उजवा गुडघा सुजू लागला होता. मला त्यांनी बजावलं, "अक्काला कळता कामा न्हाई. कळलं तर ती म्हनंल, येऊ नगं. मग संपलंच." तशातही ते दोनेक वर्षं जात राहिले. मग एका पावसाळ्यानंतर गुडघा वळेचना. सोमवारी दुकान उघडं दिसू लागलं. कारवी वाढली, वाट मिटली, आणि बोलीप्रमाणे दिवाळीच्या आधी अक्का म्हशी पुढं घालून खाली आल्या.

भाऊबिजेच्या सुमारास मी त्यांना भेटायला गेलो. त्या रस्त्याकडेच्या नव्या घरात चुलीशी बसल्या होत्या. वरचं घर सुटल्याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं. त्यांनी बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं.

"मी कंदीच उतरले आसते रं," त्या म्हणाल्या. "वर म्हातारीला काय ठिवलंय? पर ह्यो येतोय उड्या मारत, कोयता घिऊन. मी उतरले तर ह्यो कुनासाठी पळंल? मग म्हनलं, ऱ्हावं."

"आणि आता?"

"आता गुडघा गेलाय त्येचा. मला म्हाईत न्हाई व्हय? माझ्या दारातनं खालची समदी वाट दिसती. आंब्याच्या झाडापातुर लंगडत यायचा, काठी टेकत. झाडाखाली काठी दडवायचा आन मग तिथनं पळत सुटायचा, मला दिसावं म्हनून. औंदाही आला आसता खुरडत. म्हनून वाट मोडायच्या आदीच मी पोराला सांगितलं, ने मला." मग हातातलं लाकूड चुलीत सारत म्हणाल्या, "त्येला बोलू नगंस. त्येला वाटू दे, वाट मोडली म्हनून आले."

दुपारी थोरले दाजी आले. जीपनं आले, आणि उतरताना लाजले. अक्कांनी त्यांना ओट्यावर बसवलं, वाटीत तेल कोमट केलं आणि त्यांचा गुडघा चोळायला घेतला. ते माचीकडे बघत होते. कारवीनं भरलेल्या उतारावर वाटेची रेघही उरली नव्हती.

"ह्यो गुडघा नीट आसता," ते हळू आवाजात म्हणाले, "तर तू आज वर आसतीस, अक्का."

"आसते की," अक्का म्हणाल्या, आणि तेलाची बोटं पुन्हा वाटीत बुडवली.

आज दोघंही नाहीत, म्हणून लिहितो आहे.