ब्रेक ऑइल आणि दहिसरपर्यंतचं केळवे

घाटकोपरहून केळव्याला गाडीने कसं जावं असं काही जणांनी विचारलं, म्हणून हे लिहिते आहे. रस्ता सांगते. पण ऐंशीच्या दशकात आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा दहिसरच्या पुढे गेलो नाही, हेही आधीच सांगते.

माझा नवरा विनायक याने तेव्हा जुनी फियाट घेतली होती. घरात सर्वांत जास्त आनंद झाला तो माझ्या सासऱ्यांना, अण्णांना. अण्णा गिरणीत तेलवाले होते. लांब चोचीची कुपी घेऊन यंत्रांना तेल घालत फिरायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. संपानंतर गिरणी उघडली नाही आणि अण्णा घरी बसले, पण कुपी सुटली नाही. शिवणाचं मशीन, टेबलफॅन, दाराच्या बिजागऱ्या, शेजाऱ्यांच्या सायकली, सगळीकडे ती फिरायची. आमच्या घरात काहीच कुरकुरत नसे. त्यांच्या खात्यातले जुने सोबती म्हात्रे केळव्याला गावी जाऊन राहिले होते. त्यांच्या दारात मुलाच्या गाडीतून उतरायचं, एवढंच अण्णांना हवं होतं. कार्ड टाकून त्यांनी कळवलंसुद्धा: आमच्या गाडीने येतो.

निघायच्या आठवड्यात जेवताना विनायक म्हणाला की ब्रेक ऑइल थोडं खाली गेलंय, घालायला हवं. दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा अण्णा म्हणाले, ऑइल घातलंय. विनायक बरं म्हणाला. कुठलं ऑइल, हे त्याने विचारलं नाही आणि अण्णांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही. डिकीत ऑइलचा डबा होता, ब्रेकच्या डबीत ऑइल कमी होतं. ज्यांनी आयुष्यभर तेल घातलं, त्यांना यात विचारण्यासारखं काय होतं?

रविवारी सकाळी निघालो. साकीनाक्यावरून अंधेरीला जायचं तर रविवारच बरा. कारखाने बंद, टेंपो नाहीत, रस्ता मोकळा. अण्णा पुढच्या सीटवर, परीटघडीचा सदरा आणि टोपी. मी मागे डबे सांभाळत. साकीनाक्याच्या चढाला गाडी जड वाटते असं विनायक म्हणाला. अण्णांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, घावणे जरा कमी घेवचे होते." आम्ही हसलो.

पेट्रोल अंधेरीतच भरून घ्यावं, पुढे पंपावर रांग लागायची. हायवेला लागल्यावर मात्र हसू थांबलं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी एकदम मंदावत होती, जणू मागून कुणी धरून ठेवलंय. बोरिवलीला झाडाखाली थांबून घावणे आणि उकडलेली अंडी खाल्ली. चाकांपाशी जळका वास येत होता. मी विनायकला सांगितलं. विनायकच्या मते तो आसपासच्या कुठल्यातरी कारखान्याचा होता. रविवारी कुठला कारखाना, असं मी विचारलं, पण तोवर अण्णा गाडीत जाऊन बसलेही होते. म्हात्रे मासे घेऊन वाट बघत असणार, हे त्यांनी सकाळपासून किती वेळा सांगितलं असेल.

दहिसरच्या नाक्यावर ट्रकच्या रांगेत विनायकने ब्रेक दाबला तो सुटलाच नाही. रांग पुढे गेली, आम्ही तिथेच. ढकलूनही गाडी हलेना. मागच्या ट्रकमधून एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "काय काका, नाका विकत घेतला काय?" शेवटी जवळच्या गॅरेजमधला मेकॅनिक आला. त्याने कसलासा नट सैल करून चाकं मोकळी केली, गाडी कडेला घेतली, ब्रेक ऑइलच्या डबीत बोट बुडवलं आणि चोळून पाहिलं. "इसमें इंजिन ऑइल किसने डाला?"

विनायक कुणीच नाही म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

अण्णा मागून पुढे आले. "मियांच घातलंय. ऑइल कमी असा, असां तूच बोललंस ना?"

मेकॅनिक हसला नाही, पण त्याच्या हाताखालचा माणूस हसला. विनायक ओरडला असता तर ते वाऱ्यावर गेलं असतं. तो हळू आवाजात, अगदी आदराने बोलला. "अण्णा, यापुढे तुम्ही गाडीला हात लावू नका."

मी सुचवलं की गाडी इथेच राहू दे, आपण एसटीने पुढे जाऊ, दुपारपर्यंत पोचू. अण्णांनी टोपी काढून घडी केली आणि खिशात ठेवली. "एष्टीन जावचा तर मी एकटोच जातंय की." ते गेले नाहीत. आम्ही बेस्टच्या बस बदलत घरी आलो. डबे तसेच परत.

आता कामाचं. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल गेलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जाम होतात. चुकून घातलं गेलंच तर ब्रेक दाबू नका, गाडी सुरूही करू नका. जागेवरच सगळं काढून टाकायला लावा. आमची सगळी रबरं बदलावी लागली, नळ्या धुवाव्या लागल्या. आणि घरात कुणी ऑइल घातलंय म्हणालं, तर डबा बघा.

गाडी दुरुस्त झाली. दिवाळीनंतर आम्ही केळव्याला गेलो. दहिसरहून खाडी ओलांडून मनोरपर्यंत सरळ, तिथून डावीकडे पालघर आणि पुढे केळवे. सुरूची बाग, स्वच्छ किनारा, घरगुती जेवण उत्तम. अण्णा गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहिले.

पुढे म्हात्रेच एकदा आमच्याकडे आले. गाडी खाली उभी होती, ती बघायची म्हणाले. अण्णा म्हणाले, "विनायकाची असा. तो इल्यावर दाखवीत." मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दार करकरलं. म्हात्र्यांनी मान वर केली. "काय रे तेलवाल्या, तुझ्या घरात दार ओरडतं?" अण्णा हसले आणि बशीत चहा ओतत राहिले.

तेवढ्यात जिना चढून आलेल्या विनायकने ते ऐकलं असावं. दुसऱ्या सकाळी त्याने कुपी शोधून काढली आणि बिजागरीत तेल घातलं. अण्णा फिरायला निघाले तेव्हा त्यांनी दार उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी ते एकदा पुढे-मागे करून पाहिलं, चपला घातल्या आणि जिना उतरले.