खंडेनवमीला काढलेली चाकं

माझा पोरगा परमेश्वर लई शांत. मी न्हाई. मला राग आला की चुलीपुढं बसूनबी माझं तोंड चालू आसतं, आन हे बी मी रागातच सांगतेय.

मेंढरामागं वाढलेलं लेकरू. कुठली मेंढी लंगडती, कुठल्या खुरात काटा, लांबून सांगायचा. पुढं बीडात चाकाचं काम शिकला आन चौसाळ्यात हमरस्त्याला अलाइनमेंटचं दुकान टाकलं. गाडी एका अंगाला वढायली, टायर तिरकं झिजायलं, की माणसं त्याच्याकडं येत्यात.

त्याच रस्त्यावर माझ्या मालकाला, आप्पारावाला, गाडीनं उडवलं. मेंढरं पलीकडं न्हेत व्हते. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. गाडी अजिनाथची, पुढाऱ्याच्या पुतण्याची. स्प्रिंगा कापून भुईला टेकवलेली काळी गाडी, तालुक्यात तसली एकच. मुडदा थांबला, आन काच खाली न करता निघून गेला. केस? पुढाऱ्याच्या घरावर कुठली केस होती वो! मला दुसरं काय नको व्हतं. त्यानं एकदा गाडीतनं उतरून माझ्या माणसापुढं उभं राहावं, बस. त्याबिगर मला मरणबी नको व्हतं.

खंडेनवमीला मी दुकानात डबा घेऊन गेलते, तर तीच गाडी दारात. पाने, जॅक, समदी हत्यारं कुंकू लावून पूजेत मांडलेली. त्या दिशी आमच्याकडं हत्याराला हात लावत न्हाईत. दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावरच उचलायची.

"स्टेअरिंग थरथरायलंय. उरक बे, पाटोद्याला जायचंय," अजिनाथ आतनंच बोलला. वळखलंबी न्हाई.

परमेश्वरानं वाकून चाकाच्या आतल्या बाजूनं हात फिरवला. बाहेरनं टायर नवंकोरं. पण त्याच्या बोटाला रगत आलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हनला, "आई, गाडी खाली बसवल्यानं चाकं आत कलल्यात. आतली कडच झिजून तारा निघाल्यात. पळवली की फुटणार."

"मंग फुटू दे की!" मी दात खाऊन बोलले. "गप ऱ्हा. जाऊ दे मढ्याला."

त्यानं माझ्याकडं बघितलं आन गाडीकडं गेला. "हत्यारं पूजेत हायत. उद्या या."

"पूजा घाल चुलीत! काढ पाना!"

परमेश्वर हसला. तसलं हसू मी त्याच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. "तुमचाच हुकूम," म्हनला. देवाला हात जोडले, पाना उचलला. अजिनाथ आत थंड हवेत फोनवर बोलत बसलेला, तवर ह्यानं चारीबी चाकं काढून गाडी दगडावर ठिवली. मंग पाना धुतला, कुंकू लावलं, परत पूजेत.

"टायर बाद हायत. बाकी आता उद्या."

मंग उतरला की खाली! काय थयथयाट! दुसरा मिस्त्री आणतो म्हनला. आण की बाबा, चौसाळ्यात आज कुणाचा पाना पूजेत न्हाई? टपरीवरची माणसं जमली, मोबाईल निघाले. तवा आवाज उतरला. "काय पायजे तुला?"

"रस्त्यात उडवलास तो माझा बाप. वर माळावर हाय. चालत जा, त्याच्यापुढं उभा ऱ्हा. मंग पाना उचलतो. पाप माझ्या माथी."

गेला. पांढऱ्या कपड्यात, भर उन्हात, घामानं भिजत. मी मागनं व्हतेच.

आप्पाराव खाटंवर पडलेले. "कोण हाय?"

अजिनाथ कपाळाचा घाम पुसत म्हनला, "ती गाडी... माझी व्हती."

आप्पारावांनी त्याच्याकडं बघितलं, आपल्या अर्ध्या पायाकडं बघितलं. माझा माणूस देवमाणूस. म्हनले, "रतन, लांबून आलंय पोरगं. पाणी दे."

आमच्यात दारी आलेल्या वैऱ्यालाबी पाणी देत्यात. मी तांब्या भरून आणला. त्यानं हात पुढं केला. मी त्याच्या डोळ्यादेखत आख्खा तांब्या मेंढीच्या घमेल्यात वतला आन आत निघून गेले.