सातवं मत

आमच्या चेन्नईतल्या अंबत्तूरच्या कारखान्यांच्या फुटबॉल लीगमध्ये वर्षाचे अकरा उत्तम खेळाडू निवडायला सात जण बसतात, त्यांतली मी एक. मी सुंदरी, शाळेतली निवृत्त पीटी टीचर. रागीट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती अगदी खरी आहे. आम्ही बसून फार मोठा न्याय करतो असं कुणाला वाटत असेल तर ते आधीच डोक्यातून काढून टाका. कसला न्याय! गोल मारणारा सगळ्यांना आठवतो, वर्षभर मागे उभा राहून बॉल काढणारा कुणालाच आठवत नाही. शेवटच्या मॅचमध्ये चमकला तो वर्षभर चमकला असं वाटतं. कुणी आपल्या कारखान्याचा माणूस घुसवतो, कुणी मॅचला येऊन डुलक्या काढतो आणि मत मात्र छाती पुढे काढून देतो.

त्या सातांत एकच माणूस असा की ज्याच्याशी भांडायला मला कधी जागा सापडली नाही. प्रतापसिंह राव. पंपाच्या कारखान्यात स्टोअर्सचे क्लार्क. आम्ही दोघं तंजावरकडच्या मराठी घरांतले, त्यामुळे मी त्यांना प्रतापण्णा म्हणते आणि ते मला टीचरबाई. बोलणं इतकं सावकाश की त्यांचं वाक्य संपेस्तोवर माझी बस निघून जायची. "डोळ्यांनीं पाह्यलें तेवढेंच सांगावें, टीचरबाई. मनांत आहे तें सांगूं नये." हे मला दर वर्षी सुनवायचे. शिकवायला निघाले मला!

आई-वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, अमरसिंहाला, अण्णांनीच वाढवलं. त्यापायी लग्न राहिलं ते राहिलंच. अमर फाउंड्रीत कामाला आणि फाउंड्रीच्याच टीमचा गोलकीपर. डावखुरा. मोजे कायम घोट्यावर घसरलेले. त्या मोज्यांवरून मी त्याला किती बोलले असेन! तो हसायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा तसाच.

आमची मत देण्याची पद्धत जुनी आहे. टेबलाभोवती बसायचं, अध्यक्ष नारायणस्वामी सर जागा पुकारतात, एकेकानं तोंडानं नाव सांगायचं. एकदा तोंडातून गेलं ते मत, मागे घेता येत नाही. चार मतं पडली तर निवड. नाही पडली तर ती जागा त्या वर्षी रिकामी ठेवतात. गेल्या वर्षी कीपरच्या जागेला अमरला तीन मतं पडली आणि शेवटी अण्णांची पाळी आली. मी म्हटलं, चला, झालं पोराचं काम. तर हा गृहस्थ म्हणतो, "घरच्या माणसाला मीं मत देत नाहीं. माझें कुणालाच नाहीं." जागा रिकामी राहिली. माझा असा काही संताप झाला की मी कॉफी तशीच टाकून उठले. दहा वर्षं खेळला होता तो पोरगा, आणि हरला कुणाकडून, तर रिकाम्या जागेकडून!

त्याच महिन्यात ओरगडमच्या रस्त्यावर एका ट्रकनं अमरला टू-व्हीलरसकट उडवलं. जागच्या जागी गेला.

यंदा त्याच्या जागी वेंकट आला. फाउंड्रीतला कंत्राटी कामगार, माझाच जुना विद्यार्थी. कारखान्यानं शब्द दिला होता की आपला कुणी कंत्राटी पोरगा लीगच्या अकरांत आला तर त्याला कायम करू. वेंकटचं कंत्राट सीझनबरोबरच संपत होतं आणि त्याची बायको लावण्या आठव्या महिन्यात होती. निवड झाली तर नोकरी, नाही तर घरी. इतकं सरळ होतं ते.

वेंकट मन लावून खेळायचा, खोटं कशाला बोलू. पण सीझन अर्धा झाला असेल, एका मॅचनंतर तो माझ्याकडे आला. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाला, "टीचर, सगळे बॉल मी नाही काढत. डाव्या कोपऱ्यातले काही मला लागतच नाहीत. गेला म्हणून मी मान फिरवतो, आणि बॉल बाहेर गेलेला असतो." मी त्याला झापलं. म्हटलं, "उन्हात टोपी घालत जा आणि पाणी पी." घरी आले आणि मला बसवेना. कारण तो बॉल बाहेर जाताना मीही पाहिला होता. वेंकट उजवीकडे पडला होता.

मतांचा दिवस रविवारचा, भर दुपारचा. मैदानाला लागून कॅन्टीनची खोली आहे, तिथे आम्ही बसतो. खिडकीतून पलीकडचा गोल दिसतो. ऊन असं की मैदानावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नारायणस्वामी सरांनी गोलकीपर पुकारलं आणि स्वतःच पहिलं मत दिलं, "वेंकट." दोन मॅनेजर बसतात, त्यांनीही वेंकट म्हटलं. तीन झाली. मी मनात लावण्याला पेढे भरवून मोकळी झाले.

मग क्षमाची पाळी. ही मुलगी कोल्हापूरची, नोकरीसाठी यंदाच चेन्नईत आलेली. कोल्हापूरची म्हणजे फुटबॉल तिच्या रक्तातच. ती म्हणाली, "माझं मत त्या डावखुऱ्याला. ज्याचे मोजे खाली घसरलेले असतात ना, तो. काय डाइव्ह मारतो हो! नाव अमर काहीतरी आहे बघा."

सर म्हणाले, "अम्मा, फाउंड्रीचा कीपर वेंकट. तो उजव्या हाताचा."

"नाही हो सर, मी गोलच्या मागेच उभी असते. मला काय डावं-उजवं कळत नाही का?" क्षमा चिडली. अमरचा फोटोसुद्धा तिनं पाहिलेला नव्हता.

तिच्या शेजारी रघुराम, जुने रेफ्री. त्यांनी वेंकट म्हणायला तोंड उघडलं आणि "अमरसिंह" म्हणाले. म्हटल्याबरोबर जीभ चावली आणि कपाळावरचा घाम पुसायला लागले. माझी पाळी आली. देवाशपथ सांगते, माझ्या मनात वेंकट होता. लावण्याचं पोट डोळ्यांसमोर होतं. पण डोळे मिटले आणि वर्षभराचं पाहिलेलं आठवायला गेले, तर दिसला तो डावा हात. तोच हात, तेच बॉल. माझ्या तोंडून "अमर" निघून गेलं. अय्यो, काय करून बसले मी!

तीन आणि तीन. मेलेल्या माणसाला पडलेली मतं बाद होणार हे सरळच होतं, पण वेंकटला चौथं पाहिजे होतं. ते नाही पडलं तर पुन्हा जागा रिकामी. सातवं मत अण्णांचं.

अण्णा म्हणाले, "दोन मिनिटें द्या." आणि बाहेर व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेले. ते मैदानाकडे बघत होते. मीही बघितलं. पलीकडच्या गोलमध्ये एक माणूस उभा होता. गुडघे थोडे वाकवून, हात पसरून, पेनल्टी अडवायला उभं राहतात तसा. वारा नव्हता आणि त्याच्या मागची जाळी हलत होती.

"तुम्हांलाही दिसतो ना, टीचरबाई?" अण्णांनी विचारलं. मी मान हलवली.

"तो आपण होऊन नाहीं आला. मींच बोलावलेंय." अण्णा सावकाश बोलायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मध्ये तोडलं नाही. "त्याला तिरडीवर उचलला ना, सगळे निघाले, आणि माझ्या तोंडून संवयीनें गेलें, जाऊन ये रे बा. पुढल्या वर्षीं बघूं."

आमच्यात घरातून निघणाऱ्याला नुसतं 'जा' कधी म्हणत नाहीत. 'जाऊन ये' म्हणायचं. इथले तमिळ लोकही तसंच म्हणतात, 'पोयिट्टु वा'. शाळेला निघालेल्या पोरापासून टी. नगरला साडी घ्यायला निघालेल्या बाईपर्यंत सगळ्यांना तेच. एकट्या त्या शेवटच्या निघण्यालाच तो 'ये' गिळायचा असतो, आणि अण्णांना तो गिळता आला नव्हता. लहानपणापासून त्या पोराला दारातून तसंच पाठवलेलं, तोंडात दुसरं येणार तरी कुठून?

"सांगितलेलें कधीं मोडलें नाहीं त्यानें," अण्णा म्हणाले. "जाऊन ये म्हटलें, आला. आतां मत मागतोय."

"मग देऊन टाका!" मी ओरडलेच. "गेल्या वर्षीच द्यायचं होतं! द्या आणि सुटू द्या त्याला!"

"आणि वेंकटचें काय? त्याच्या घरीं मूल येणार आहे, टीचरबाई."

मी पुन्हा गोलकडे बघितलं, तो तसाच हात पसरून उभा होता.

अण्णा आत गेले, मागोमाग मी. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "वेंकट." सरांनी लगेच चार म्हणून जाहीर केलं. अण्णा खिडकीशी आले. आवाज चढवला नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तेवढाच. म्हणाले, "जा, अमरा." पुढचं 'ये' ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. दातांखाली दाबून धरलं त्यांनी.

गोलमधला माणूस सरळ उभा राहिला. आमच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग हातमोजे काढले, काखेत मारले आणि गोलच्या मागे चालत गेला. मागे कारखान्याची भिंत आहे, दार नाही. जाळी हलायची थांबली.

वेंकट कायम झाला. लावण्याला मुलगी झाली, हरिणी नाव ठेवलं. दोघं मैसूरपाक घेऊन अण्णांच्या पाया पडून गेले. नवा सीझन सुरू झाला तेव्हा अण्णा पहिल्याच मॅचला गोलच्या मागे उभे होते, मी शेजारी. डाव्या कोपऱ्यात एक बॉल आला. वेंकट उजवीकडे पडला आणि बॉल जाळीत गेला. लोक ओरडले. अण्णा त्या बॉलकडे बघत राहिले आणि चारचौघांत, लाज न बाळगता, रडायला लागले.

"दोनदां मागितलें त्यानें, टीचरबाई," ते म्हणाले. "दोन्ही वेळां मीं नाहीं दिलें. आणि दोन्ही वेळां मुकाट्यानें गेला."