शिळाईचं तेल

आमच्या मारुतीच्या देवळामागं एक उभा दगड आहे. वर चंद्रसूर्य कोरलेले, खाली बारीक अक्षरं. बाया त्याला शिळाई म्हणतात आणि अवसेला तेल चोळतात. मास्तर म्हणाले, तो देव नाही, कल्याणीच्या चालुक्य राजाचा लेख आहे. चंद्रसूर्य असतील तोवर त्याचं दान चालेल, असं लिहिलंय. केवढं राज्य होतं म्हणे! मग हाताखालचेच सरदार उलटले आणि मुलूख वाटला गेला. चंद्रसूर्य रोज उगवतात, राजाला कोणी विचारत नाही.

बायको गेल्यावरच्या अवसेला मीच तेलाची वाटी घेऊन गेलो. शेजारची पारूवहिनी म्हणाली, "भावजी, हे बायांचं काम. तुमच्या हातचं शिळाई घ्यायची नाही."

"तिनं राजाचं नाव खाल्लं, मग माझं बोटभर तेल खायला काय धाड भरलीय तिला?"

वहिनी हसली आणि बाजूला सरकली. मी चोळायला लागलो. नावाच्या जागी बायांचे हात फिरून फिरून दगड गुळगुळीत झालाय. राजाचं नाव पुसलं, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या झिजेत माझ्या बायकोचाही हात आहे, आणि जगात तिची म्हणावी अशी खूण तेवढीच. तिथं तळहात टेकला, तो उचलवेना.