बंद मशीन यादीत दिसत नाही

साहेब माझ्याच खुर्चीत बसले आणि लिनक्सच्या काळ्या पडद्यावर त्यांनी व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे एकाच संगणकाच्या पोटात चालणाऱ्या आभासी संगणकांची, यादी मागवली. चार नावं आली; डिस्कवर मशीनच्या फाईली मात्र पाच होत्या. "मग ही पाचवी फाईल कशाला जागा अडवतेय?" म्हणत त्यांनी ती उडवलीसुद्धा.

अहो, ती यादी फक्त चालू मशीन दाखवते! बंद असलेली बघायची तर 'सगळी दाखव' असं वेगळं सांगावं लागतं. पडद्यावर माझा राग नाही. विचारलं तेवढंच तो सांगतो. पण जे आत्ता चालत नाही ते नाहीच, असं मानणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

"त्यात सुलभाताईंचं सगळं काम होतं," मी म्हणालो. त्या दोन महिने आजारपणाच्या रजेवर आहेत.

साहेबांनी मानही वळवली नाही. "कोण सुलभाताई?"