तलासरीचा नाखवा

किल्ली फिरवण्याआधी नाखवा वारा बघायचे. आमचं ट्रान्सपोर्टचं यार्ड तलासरीला हायवेलगत, समुद्र तिथून लांब. तरी केबिनच्या पायरीवर उभं राहून, तोंड पश्चिमेकडे करून, डोळे अर्धवट मिटून ते क्षणभर थांबायचेच. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. नाखवा मूळचे चिंचणीचे, कोळ्याच्या घरातले. तरुणपणी होडी भावाच्या हाती देऊन ट्रकवर चढले, म्हणून हे नाव पडलेलं.

मी यार्डात आले तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या फेऱ्या सोडल्या होत्या, गाडी फक्त यार्डातल्या यार्डात हलवायचे. उजव्या डोळ्यापुढे धुकं धरायला लागलं होतं. शेठने त्यांना नव्या ड्रायव्हरांना शिकवायला ठेवून घेतलं होतं. मी सायवनची. भाजीचा टेम्पो डहाणूच्या बाजारात नेत होते, मग मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. शेठ म्हणाला, "बेन, पुढं तर सगळेच चालवतात. ट्रेलर पाठी घेऊन गोदामाच्या फलाटाला लाव, त्या दिवशी चावी तुझी."

ट्रेलर मागे घेणं म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. इंजिन असलेल्या पुढच्या भागाला आम्ही घोडा म्हणतो. मागे जाताना घोड्याचं स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, की ट्रेलरची शेपटी उजवीकडे जाते. हे डोक्याला कळायचं, हाताला नाही. मी घाबरून स्टेअरिंग गरागरा फिरवायची आणि घोडा न् ट्रेलर कात्रीसारखे एकमेकांवर मिटायचे. "बाय, हात कुठं चाललाय ते नको बघू. शेपूट कुठं चाललीय ते बघ," नाखवा खालून ओरडायचे. ते कायम मागेच उभे असायचे, आरशात दिसतील असे, एक हात वर करून.

पावसाळा सरला तरी मला जमेना. शेठ दुसरा ड्रायव्हर बघतोय, असं कानावर आलं. त्या संध्याकाळी मी केबिनमध्ये रडले. नाखवांनी ते बघितलं, पण समजूत घातली नाही. म्हणाले, "रविवारी चिंचणीला ये. भरती सकाळची आहे."

त्या सकाळी खाडीवर पांढरट धुकं होतं. पाणी तेलासारखं गुळगुळीत, कुठे आवाज नाही. पलीकडचा किनारा असल्यासारखा वाटायचा आणि नसल्यासारखाही. नाखवांच्या भावाने छोटी होडी काढली, वल्ही स्वतः घेतली आणि सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. मी तो डावीकडे ढकलला. काहीच झालं नाही, म्हणून आणखी ढकलला. मग होडीचं तोंड उजवीकडे वळलं ते वळतच राहिलं, आणि आम्ही जागच्या जागी गोल फिरलो. भाऊ पोट धरून हसला. त्याने नाखवांना "दामू" म्हटलं, तेव्हा मला त्यांचं खरं नाव कळलं.

"पाणी उशिरा ऐकतं," नाखवा म्हणाले. "थोडं दे, मग थांब. ऐकलं, की परत थोडं."

मी थोडं दिलं आणि थांबले. खूप वेळ गेल्यासारखं वाटलं. मग होडी अलगद वळली, जणू तिच्याच मनात आलं म्हणून. ऊन वर येईपर्यंत आम्ही धुक्यातून जात राहिलो. परतताना माझे हात सैल झाले होते.

गाडी मागे घेण्याआधी उतरून बघायलाच हवं, हा त्यांचा दुसरा हट्ट. "उतरून बघायला लाज कसली?" एकदा मी कंटाळत उतरले, तर मागच्या चाकाशी कुत्रीने पिल्लं घातलेली. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत नाखवांनी तो ट्रेलर हलू दिला नाही. शेठ कुरकुरला. नाखवा म्हणाले, "उभा राहून झिजत नाय तो."

ज्या दिवशी शेठसमोर दोन उभ्या गाड्यांच्या मधून मी ट्रेलर फलाटाला टेकवला, त्या दिवशी टाळी कोणी वाजवली नाही. नाखवांनी फक्त वर केलेला हात खाली घेतला. त्यांचा दुसरा डोळाही आता दगा देत होता. भावाने त्यांना घरी बोलावलं होतं. शेठने मला चावी दिली, आणि तारापूरकडे माल भरायला जाणाऱ्या माझ्या पहिल्या फेरीत ते चिंचणीपर्यंत शेजारी बसले.

दुसऱ्याच्या हातात गाडी असताना त्यांना डोळा मिटताना कोणी बघितलं नव्हतं. डहाणू मागे पडलं, चिकूच्या वाड्या सुरू झाल्या, आणि बघते तर ते झोपलेले. खिडकीवर डोकं टेकून, तोंड किंचित उघडं. चिंचणीच्या फाट्यावर मी गाडी सावलीत लावली आणि त्यांना उठवलं नाही. समुद्राचा वास येत होता. सुरूची झाडं हळूहळू हलत होती.

जागे झाले ते हसत. "कधी आलो?"

"मघाशीच."

"उठवायचं ना गं."

पिशवी खांद्याला लावून ते उतरले. तारापूरच्या रस्त्याला लागायला मला गाडी वळवायची होती. मागच्या अरुंद रस्त्यात ट्रेलर उलटा घालायचा, दोन्ही बाजूंना गटार. मी उतरून रस्ता बघून आले, स्टेअरिंगवर बसले आणि सवयीने आरशात बघितलं. मागे कोणी नव्हतं. नाखवा समोर गावाच्या वाटेला लागले होते.

"नाखवा, मागे उभं राहता का?" मी खिडकीतून हाक मारली.

ते थांबले, पण वळले नाहीत. "कशाला?" म्हणाले, आणि चालू लागले.

ट्रेलर हळूहळू त्या रस्त्यात शिरला. मी पुन्हा पुढे बघितलं तेव्हा वाटेवर वाळत घातलेली मासळी होती, आणि ऊन.