मी आहे का वं?

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, पोरीला नाही. रोज देवापुढे बसते, पण तिथेही ह्या एका गोष्टीपाशी आले की जीभ अडते, आणि मी भलतंच काही बोलून उठते. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

पण आधी मला जरा सिनेमाचं बोलू द्या — त्याशिवाय मला तिथवर जाता यायचं नाही.

मागच्या महिन्यात पोरीने एक नवा सिनेमा लावून दिला. त्यातला एक नट केव्हाचाच वारला आहे. त्याला म्हणे कंप्युटरवर पुन्हा उभा केला. नाक तेच, चाल तीच, हसताना मान कलती करायची लकबही तीच. पण डोळे? तो हिरोईनकडे पाहत होता आणि पाहतही नव्हता. कोणाकडेच पाहत नव्हता हो! मग दुसरा एक पाहिला. त्यातला नट शूटिंग सुरू असतानाच गेला, तर उरलेला आवाज दुसऱ्या कोणीतरी भरला. अंग एकाचं, वाचा दुसऱ्याची. अर्ध्यातच बंद केला मी तो. पोरगी म्हणाली, "काहून गं आई, चांगला तर होता."

अंग एकाचं आणि वाचा दुसऱ्याची — हे मी घरात बसून केलेलं आहे.

कुसुम माझी शेजारीण. खापरखेड्याच्या कॉलनीत आमच्या दोघींच्या घरांची भिंत एक होती, नवरे दोघींचेही वीज केंद्रात. पुढे नागपुरात घरं बांधली तीही एकाच गल्लीत. सिनेमाचं वेड माझं. ती आपली माझ्यामागे यायची, शेंगदाणे खायची आणि मारामारी आली की डोळे मिटायची.

आमचा एक खेळ होता. जुना सिनेमा लागला की पडद्यावर येईल त्या नटाला म्हणायचं — हा गेला. ही गेली. हा आहे अजून. कोण आधी सांगते त्याची चढाओढ. चुकलं की दुसरी हसायची, "अवं, जित्या माणसाले मारलं तू!" लोकांना हा खेळ अभद्र वाटायचा. आम्हाला नाही वाटला कधी.

आमच्या तरुणपणी कन्हानच्या काठी एका सिनेमाचं शूटिंग आलं होतं. जत्रेचा सीन, गर्दीसाठी आसपासच्या बाया हव्या होत्या. मी कुसुमला ओढत नेलं. कोणीतरी सांगितलं होतं की हिरोईन हिरव्या साडीत आहे, म्हणून मी माझी लग्नातली हिरवी साडी नेसून गेले — काय डोकं माझं! तिथला माणूस आला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, हिरवी साडी बाहेर. हिरोईनसारखी दुसरी हिरवी साडी चालत नाही म्हणे. मला दोरीच्या बाहेर उभं केलं. आणि कुसुम, जिला ह्या कशाचीच हौस नव्हती, ती तिच्या विटक्या पिवळ्या साडीत आत.

ढोल सुरू झाले, गर्दी हलली. आणि कुसुम मध्येच थांबून वळली. दोरीपलीकडे मी उभी होते तिकडे पाहून तिने हाक मारली, "शालू, ये ना वं!" मला बाहेर काढलं आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कॅमेरा माझ्या बाजूलाच होता.

मी तोंड फिरवलं.

तो सिनेमा लागला तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी, मौद्याला गेलेली. आठवडाभरच चालला. मी यजमानांसोबत पाहिला, म्हणजे मी पाहिला, ते झोपले. आणि आलीच की ती! भिंतीएवढा चेहरा. वळते, सरळ माझ्याकडे पाहते, ओठ हलतात. ढोलांत ऐकू काही येत नाही. थिएटरभर लोक, पण ती काय म्हणते हे ठाऊक असलेली मी एकटी.

बाळ घेऊन परत आली तेव्हा उंबऱ्यातूनच तिने विचारलं, "मी आहे का वं त्यात?"

मी म्हणाले, "नाही वं. कापलं तुले."

का म्हणाले? मत्सर म्हणून? हो, मत्सरच. दुसरा शब्द शोधत नाही. पण ती वेडी म्हणायची, कापलं तर कापलं, पण कॅमेऱ्यात काढलं तर होतं ना! आणि आल्यागेल्याला सांगत सुटायची.

म्हातारपणी साखरेने तिचे डोळे गेले. रोज दुपारी माझ्याकडे यायची, कूलरसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसायची आणि मी तिला सिनेमा सांगायची — आता तो वळला, आता तिने पत्र फाडलं. आमचा खेळही चालायचा. नुसत्या आवाजावरून ओळखायची ती. हा गेला ना? हा आहे.

मग त्या सिनेमाचा हिरो वारला. टीव्हीवर त्याचे जुने सिनेमे लावू लागले, आणि एका दुपारी तोच लागला. ढोल ऐकताच ती ताठ बसली. माझा हात धरला.

"शालू, नीट पाह्य ना वं. मी आहे का?"

आणि ती होती. पिवळी साडी, वळलेली मान. पडद्यावरची कुसुम माझ्याकडे पाहत होती, आणि शेजारची, न दिसणाऱ्या डोळ्यांची कुसुमही माझ्याकडेच तोंड करून होती. दोन्हीकडून ती. मध्ये मी.

"नाही वं," मी म्हणाले. "कापलंच आहे."

तिने हात सोडला. थोडं हसली. "बरं झालं. पिवळ्या साडीत कावीळ झाल्यावानी दिसली असती मी."

त्यानंतर तिने ती गोष्ट सांगणं बंद केलं. तिच्याच घरात नात चिडवायची, "आजीचा सीन डिलीट!" आधी ती उलट भांडायची. आता म्हणायची, नसंनच काढलं बाई, मलेच तसं वाटलं असंन. आयुष्यात एकदा घडलेली गोष्ट तिने खोटी मानली — माझ्या शब्दावर. त्याच थंडीत ती गेली.

तो सिनेमा आता फोनवरही मिळतो. मी लावते. दुपारी, पडदे ओढून, आवाज बंद करून. पूर्वी ती वळायची आणि मी तीन अंक मोजेपर्यंत दिसायची. आता पाच होतात. परवा सात झाले. सिनेमा लांबत नाही, हे मलाही कळतं. मीच हळू मोजत असेन. पण कंप्युटरवर उभ्या केलेल्या त्या नटासारखे तिचे डोळे नाहीत. ती पाहते.

परवा खेळायला लागले, सवयीने. हिरो — गेला. हिरोईन — गेली. जत्रेच्या पाळण्यात बसलेला तो विनोदी नट — गेला. मग पिवळी साडी आली आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. गेली म्हणायचं, तर आधी ती तिथे आहे असं म्हणावं लागतं. तिचे ओठ हलत होते. ये ना वं. त्या चौकटीत आता सगळी गेलेलीच माणसं आहेत. त्यांच्यातून ती वळून मला बोलावते, आणि मी अजून दोरीच्या बाहेर.

"आहे," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "कुसुम, तू आहे वं त्यात."

कूलर घरघरत होता. वेताची खुर्ची रिकामी होती. डोळे गेले होते तिचे, पण कान शेवटपर्यंत चांगले होते.